नवा फोन हातात आला? ईमेलची दुसरी किल्ली आधी सांभाळा

आपल्यापैकी बहुतेकांना ईमेल फक्त फॉर्म भरताना आठवतो. रोजचे बोलणे व्हॉट्सॲपवर होते, पैसे यूपीआयने जातात, बातम्या यूट्यूबवर बघितल्या जातात. त्यामुळे ईमेलचा पासवर्ड काय होता हेही अनेकांना सांगता येत नाही. पण जरा मोजून बघा. एमपीएससीच्या प्रोफाइलला कोणता ईमेल जोडलेला आहे? महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणता? परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र, नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे, फेसबुक, इन्स्टाग्राम, मंडळाचे यूट्यूब चॅनल या सगळ्यांना कोणता? यातल्या बहुतेक ठिकाणी ‘पासवर्ड विसरलो’ असे दाबले की नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक ईमेलवर येते. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती बाकीची दारे, असा हा सरळ हिशेब आहे.

म्हणून या लेखात आम्ही एकच विषय घेतला आहे. नवा स्मार्टफोन घेतल्यावर ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे दोन टप्प्यांची पडताळणी, कशी लावायची आणि ती लावताना काय सांभाळायचे? उदाहरण म्हणून आम्ही जीमेल घेतले आहे, कारण ॲन्ड्रॉइड फोन घेतला की गूगलचे खाते लागतेच. याहू, आउटलुक किंवा ॲपलच्या खात्यातही हीच सोय थोड्या वेगळ्या नावाने असते.

हे कुलूप लावायला पंधरा मिनिटे पुरतात. आमचे खरे सांगणे मात्र त्याच्या पुढचे आहे. कुलूप लावणारे बरेच जण त्याची किल्ली एकाच फोनमध्ये, एकाच सिमवर ठेवतात. मग फोन हरवला, विकला किंवा रिचार्जअभावी नंबर बंद पडला की चोरासारखा मालकही दाराबाहेर राहतो. तेव्हा कुलूप लावणे आणि जादा किल्ल्या करून ठेवणे ही दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकायची, हे पक्के धरून चला.

दुसरा टप्पा म्हणजे काय?

एटीएममधून पैसे काढताना कार्ड लागते आणि पिनही लागतो. कार्ड कुणाला सापडले तरी पिनशिवाय ते निरुपयोगी आहे आणि पिन कळला तरी कार्डाशिवाय पैसे निघत नाहीत. एक वस्तू खिशात, एक गोष्ट डोक्यात. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना अशी जादा पडताळणी सक्तीची केली आणि पुढे ओटीपी हा शब्द घराघरांत पोहोचला. गूगलने सर्वसामान्य खातेदारांसाठी ही सोय २०११ मध्ये आणली. पासवर्ड हा पहिला टप्पा. तो बरोबर टाकल्यावर गूगल विचारते, ‘तुमच्याजवळ असलेली दुसरी खूण दाखवा’. ही खूण म्हणजे फोनवर आलेला कोड, स्क्रीनवरचे ‘होय’चे बटण किंवा बोटाचा ठसा.

नुसत्या पासवर्डवर का भागत नाही? कारण तो आपल्या नकळत बाहेर जातो. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरलेला असतो आणि त्यातल्या एखाद्या छोट्या वेबसाइटची माहिती चोरीला गेली की चोर तोच पासवर्ड ईमेलवर लावून बघतो. नाव, त्यापुढे जन्मसाल किंवा १२३, असा पासवर्ड ओळखायला तर चोरही लागत नाही. सायबर कॅफेत तो मागे उभा असलेला माणूस बघतो किंवा संगणकच लक्षात ठेवतो.

दुसरा टप्पा लावल्याने किती फरक पडतो, याचे आकडे उपलब्ध आहेत. गूगलने न्यूयॉर्क विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन डिएगो येथील संशोधकांबरोबर केलेला अभ्यास २०१९ मध्ये जाहीर झाला. फोनवर एसएमएसने येणाऱ्या कोडमुळे यंत्राद्वारे आपोआप होणारे सगळे म्हणजे १०० टक्के हल्ले थांबले, एकाच वेळी हजारोंना फसवे ईमेल पाठवून केलेले ९६ टक्के हल्ले थांबले, पण एखाद्या व्यक्तीला हेरून केलेले हल्ले ७६ टक्केच थांबले. एसएमएसऐवजी फोनच्या स्क्रीनवर येणारी गूगलची सूचना वापरली तेव्हा हेच आकडे अनुक्रमे १००, ९९ आणि ९० टक्के झाले. पुढे २०२१ च्या अखेरीस गूगलने १५ कोटींहून जास्त खात्यांवर ही पडताळणी स्वतःहून चालू केली आणि त्या खात्यांमधली घुसखोरी निम्म्याने घटल्याचे फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले.

या आकड्यांतून दोन गोष्टी घ्यायच्या. एसएमएसचा कोडसुद्धा काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा. आणि ज्यांना कोणी ठरवून लक्ष्य करू शकते, म्हणजे आंदोलनात असणारे, माहिती अधिकारात अर्ज टाकणारे, अत्याचाराच्या प्रकरणांचा पाठपुरावा करणारे कार्यकर्ते, त्यांनी एसएमएसवर थांबू नये.

आधी बघा, खाते खरोखर आपले आहे का

कुलूप लावण्याआधी घर कोणाच्या नावावर आहे ते बघावे. गावाकडच्या किंवा वस्तीतल्या अनेक मुलामुलींचा पहिला ईमेल फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रात तयार होतो. केंद्रचालक घाईत असतो. तो स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, स्वतःच्या सोयीचा पासवर्ड ठेवतो आणि पावतीच्या मागे लिहून देतो. त्याच्या मनात काही वाईट नसते, पण त्या खात्याची खरी किल्ली त्याच्या खिशात राहते. कुणाच्या खात्याला दुकानदाराचा नंबर असतो, कुणाच्या खात्याला मोठ्या भावाचा जुना, तर कुणाच्या खात्याला गाव सोडून गेलेल्या मित्राचा.

म्हणून पहिले काम हे करा. गूगल खात्यात ‘सुरक्षा’ या भागात ‘रिकव्हरी फोन’ आणि ‘रिकव्हरी ईमेल’ असे दोन रकाने आहेत. खाते परत मिळवायची वेळ आली तर गूगल इथेच कोड पाठवते. तिथे अनोळखी किंवा जुना नंबर दिसला तर काढून स्वतःचा टाका. बदल केल्यानंतरही ७ दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय दाखवू शकते. त्यामुळे हे काम परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेसाठी ठेवू नका.

हा रकाना किती महत्त्वाचा आहे, हे आपल्या जवळच्याच एका प्रकरणातून कळते. एल्गार परिषद आणि भीमा कोरेगाव प्रकरणातल्या तीन आरोपींच्या ईमेल खात्यांत २०१८ आणि २०१९ मध्ये घुसखोरांनी वेगळाच रिकव्हरी ईमेल आणि फोन नंबर जोडला होता, असे वृत्त अमेरिकेतील ‘वायर्ड’ मासिकाने जून २०२२ मध्ये सेंटिनलवन या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांच्या हवाल्याने दिले. प्रकरण न्यायालयात आहे, त्याचा निकाल न्यायालय देईल. आपल्यासाठी त्यातला तांत्रिक धडा पुरेसा आहे. असा परका नंबर खात्यात राहिला तर आपण पासवर्ड बदलला तरी घुसखोर ‘विसरलो’ असे दाबून पुन्हा आत येऊ शकतो. महिन्यातून एकदा हे दोन रकाने उघडून बघण्याची सवय प्रत्येक कार्यकर्त्याला हवी.

किल्ल्यांचे प्रकार आणि त्यांची पारख

एसएमएसचा कोड सगळ्यांना माहीत आहे आणि साध्या फोनवरही तो येतो. त्याची खोट अशी की तो सिमच्या मागे जातो. कोणी खोटी कागदपत्रे दाखवून आपल्या नंबरचे दुसरे सिम काढले तर कोड त्याच्या फोनवर जातो. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचे स्वतःचे ट्विटर खाते ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांच्या फोन नंबरचा असाच ताबा घेऊन वापरले गेले होते. आपल्याकडे दुसरा धोका जास्त जवळचा आहे. स्वस्त प्लॅन मिळाला की आपण नंबर बदलतो आणि जुना रिचार्ज न करता सोडून देतो. बंद झालेला नंबर ९० दिवस कोणाला दिला जात नाही, त्यानंतर मात्र तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. आपल्या ईमेलचे कोड मग त्या अनोळखी माणसाला जातील. शिवाय शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला तिथे भारतीय सिमवर एसएमएस मिळेलच याची खात्री नसते.

गूगलची सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, ही त्यापेक्षा बरी. ज्या फोनमध्ये खाते आधीच उघडलेले आहे त्याच्या स्क्रीनवर ‘तुम्हीच लॉगिन करत आहात का?’ असा प्रश्न येतो. त्यासाठी इंटरनेट लागते, सिम कोणते आहे याच्याशी संबंध नसतो. आयफोनवर ही सूचना जीमेल किंवा गूगलच्या ॲपमध्ये येते.

ऑथेंटिकेटर ॲप हा आमच्या मते बहुतेकांसाठी सर्वात कामाचा प्रकार. गूगल ऑथेंटिकेटर किंवा तसे दुसरे विश्वासाचे ॲप दर ३० सेकंदांनी बदलणारा ६ अंकी कोड दाखवते. जोडणी करताना जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त संख्या असते. ती संख्या आणि घड्याळातली वेळ यांचे गणित करून आपला फोन कोड काढतो आणि तिकडे गूगलही तेच गणित करते. उत्तर जुळले की दार उघडते. यामुळेच या ॲपला ना नेटवर्क लागते ना इंटरनेट. रेंज नसलेल्या गावातही कोड मिळतो आणि लंडनमध्येही मिळतो. फक्त फोनचे घड्याळ बरोबर हवे, म्हणून तारीख आणि वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.

पासकी हा नवा प्रकार. गूगल खात्यांसाठी तो मे २०२३ मध्ये आला. यात पासवर्डच्या जागी फोनचे स्क्रीन लॉक, बोटाचा ठसा किंवा चेहरा चालतो. पासकी त्या एकाच खऱ्या वेबसाइटशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालत नाही. नव्या फोनवर ती सुरू करायला हरकत नाही. पण पासकी त्याच फोनवर करा जो फक्त आपण वापरतो. घरातल्या चौघांचा मिळून एक फोन असेल तर ज्याला स्क्रीन लॉक माहीत आहे त्याला आपला ईमेलही उघडता येईल.

फोनवर चालू कसे करायचे?

कंपनीप्रमाणे नावे थोडी बदलतात, क्रम साधारण हाच राहतो.

१. फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘गूगल’ उघडा आणि ‘गूगल खाते व्यवस्थापित करा’ असा पर्याय निवडा. आयफोनवर जीमेल ॲपमध्ये आपल्या फोटोवर दाबले की हाच पर्याय दिसतो.

२. ‘सुरक्षा’ या भागात जा. आधी रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल तपासा. मग ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ उघडा. फोनची भाषा मराठी असेल तर तिथे ‘टप्पी पडताळणी’ असे शब्द दिसतील.

३. पासवर्ड विचारला जाईल, तो टाका आणि पडताळणी चालू करा. फोन नंबर मागितला तर आपल्या नावावरचा, नेहमी चालू राहणारा नंबर द्या.

४. त्याच पानावर ‘ऑथेंटिकेटर’ निवडा. क्यूआर कोड शक्यतो संगणकाच्या किंवा दुसऱ्या फोनच्या स्क्रीनवर उघडा म्हणजे आपल्या फोनने स्कॅन करता येतो. दुसरी स्क्रीन नसेल तर ‘स्कॅन करता येत नाही’ असा पर्याय दाबा. तिथे मिळणारी अक्षरांची ओळ ॲपमध्ये टाकली तरी चालते.

५. ॲपमध्ये आलेला ६ अंकी कोड गूगलच्या पानावर टाकून जोडणी पूर्ण करा.

६. ‘बॅकअप कोड’ काढा. ही पायरी बहुतेक जण सोडून देतात आणि पुढची सगळी रड तिथूनच सुरू होते.

७. शेवटी परीक्षा घ्या. दुसऱ्या कुठल्यातरी फोनवर किंवा संगणकावर लॉगिन करून बघा आणि दुसरी खूण मागते का, आपल्याला ती देता येते का, याची खात्री करा.

लॉगिन करताना ‘या उपकरणावर पुन्हा विचारू नका’ अशी एक चौकट असते. स्वतःच्या फोनवर ती ठीक आहे. सायबर कॅफे, महाविद्यालयाची प्रयोगशाळा किंवा सेवा केंद्राच्या संगणकावर त्या चौकटीवर खूण करू नका. केलीच असेल तर घरी येऊन ‘सुरक्षा’ भागातल्या ‘तुमची डिव्हाइस’ या यादीतून तो संगणक काढून टाका.

कागदावरचे दहा कोड

गूगल एका वेळी १० बॅकअप कोड देते, प्रत्येक ८ अंकी. फोन, सिम, इंटरनेट यातले काहीही हाताशी नसताना पासवर्डबरोबर यातला एक कोड टाकला की खाते उघडते. एक कोड एकदाच चालतो. नवा संच काढला की जुना संच आपोआप बाद होतो.

हे कोड कागदावर लिहा. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवू नका, कारण फोन हरवला तर फोटोही जाईल. ईमेलमध्ये स्वतःला पाठवून ठेवले तर किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावल्यासारखे होईल. आपल्या प्रत्येकाच्या घरी एक फाइल असते. तिच्यात जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला जपून ठेवलेला असतो. पूर आला, आग लागली तरी आई आधी ती फाइल उचलते. हा कागद त्याच फाइलमध्ये ठेवा. त्यावर पासवर्ड लिहू नका, ईमेलचा पत्ताही लिहू नका, म्हणजे नुसता कागद कुणाला सापडला तरी त्याचा उपयोग होणार नाही. वसतिगृहात किंवा खोली करून राहणाऱ्यांनी दोन-तीन कोड वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावेत आणि बाकीचे घरी.

जुना फोन विकण्याआधी

नवा फोन घेतला की जुना लगेच धाकट्या भावाला दिला जातो किंवा दुकानात बदलून टाकला जातो. घाई इथेच महागात पडते. क्रम असा ठेवा.

आधी नव्या फोनमध्ये ईमेल उघडा. जुना फोन हातात आहे तोवर दुसरा टप्पा त्याच्यावरून सहज पार पडतो. मग जुन्या फोनच्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये ‘खाती ट्रान्सफर करा’ हा पर्याय उघडून ‘एक्स्पोर्ट’ निवडा. तिथे येणारा क्यूआर कोड नव्या फोनच्या ॲपमधून स्कॅन करा. एप्रिल २०२३ पासून गूगलचे ऑथेंटिकेटर आपले कोड गूगल खात्यात साठवूही शकते, त्यामुळे अनेकांना हे काम आपोआप झालेले दिसेल. पण केवळ त्यावर विसंबू नका. ज्या खात्याचे दार उघडायचे आहे त्याचीच किल्ली त्या खात्याच्या आत असेल तर दार बंद झाल्यावर ती मिळणार कशी? त्यासाठीच कागदावरचे कोड हवेत.

यानंतर नव्या फोनवरचा कोड वापरून एकदा लॉगिन करून बघा. ते जमले की जुन्या फोनमधून गूगल खाते काढा आणि मगच तो फॅक्टरी रीसेट करा. खाते न काढता रीसेट केलेला फोन पुन्हा जुन्या मालकाचा पासवर्ड मागू शकतो. मग घेणारा ‘पासवर्ड सांगा’ म्हणून फोन करतो आणि आपण तो फोनवरून सांगून मोकळे होतो. शेवटी ‘तुमची डिव्हाइस’ या यादीत जुना फोन राहिला नाही ना, ते बघा.

फोन हरवला तर

लगेच सिम कंपनीला कळवून सिम बंद करा आणि त्याच नंबरचे नवे सिम मागा. सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच ओळखपत्र घेऊन जावे लागते, म्हणून वडिलांच्या किंवा शेजाऱ्याच्या नावावरचे सिम ईमेलला जोडण्याआधी विचार करा. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत, हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर बघता येते.

दुसऱ्या विश्वासाच्या फोनवरून पासवर्ड आणि एक बॅकअप कोड टाकून ईमेल उघडा. ‘तुमची डिव्हाइस’मध्ये हरवलेला फोन निवडून त्यातून साइन आउट करा आणि पासवर्ड बदला. पोलिसांत तक्रार द्या. त्या तक्रारीच्या आधारे ‘संचार साथी’वरून फोनचा आयएमईआय क्रमांक बंद करता येतो. हा क्रमांक फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल केले की दिसतो. तो आजच लिहून त्याच फाइलमध्ये ठेवा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

काहीच जादा किल्ली ठेवलेली नसेल तर गूगलच्या ‘खाते रिकव्हरी’ पानावर प्रयत्न करता येतो. नेहमी वापरलेल्या संगणकावरून, नेहमीच्या जागेवरून, घरच्याच वायफायवरून प्रयत्न केला तर खाते आपले आहे हे पटण्याची शक्यता वाढते. याला काही दिवस लागू शकतात आणि प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही. या काळात ‘जीमेल हेल्पलाइन’ म्हणून इंटरनेटवर दिसणाऱ्या नंबरांवर फोन करू नका. पैसे घेऊन खाते परत मिळवून देतो म्हणणारा माणूस फसवाच समजा.

मंडळाचे खाते एकाच्या खिशात नको

विहार समिती, जयंती उत्सव समिती, विद्यार्थी संघटना, अभ्यास मंडळ, वाचनालय यांचे ईमेल खाते बहुधा एखाद्या उत्साही सचिवाने आपल्या नंबरवर काढलेले असते. त्याच खात्यात कार्यक्रमांचे फोटो, देणगीदारांची यादी, नोंदणीची कागदपत्रे, यूट्यूब चॅनल असे सगळे साठते. पुढे तो सचिव नोकरीसाठी पुण्याला जातो, कधी मतभेद होतात, कधी माणूसच जातो. त्याच्या फोनबरोबर मंडळाचा दहा वर्षांचा ठेवा बंद होतो आणि नवी कार्यकारिणी शून्यातून सुरुवात करते. चळवळीचा दस्तऐवज आपण कष्टाने जमवतो, तो एका सिमकार्डाच्या भरवशावर सोडणे परवडणारे नाही.

यावर उपाय साधे आहेत. संस्थेचे खाते कुणाच्याही वैयक्तिक खात्यापासून वेगळे ठेवा. ऑथेंटिकेटरची जोडणी करताना तोच क्यूआर कोड एकाच वेळी दोघांच्या फोनने स्कॅन करता येतो, मग दोघांकडे सारखाच कोड येतो. सचिव आणि कोषाध्यक्ष यांनी एकत्र बसून हे करावे. रिकव्हरी फोन एकाचा आणि रिकव्हरी ईमेल दुसऱ्याचा ठेवावा. १० बॅकअप कोड बंद पाकिटात घालून, वर तारीख आणि सह्या करून, संस्थेच्या दप्तरात ठेवावेत.

कार्यकारिणी बदलली की आपण बँकेत सह्या बदलतो आणि धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करतो. त्याच दिवशी ईमेलचेही हस्तांतर करावे. पासवर्ड बदलावा, ऑथेंटिकेटर नव्याने जोडावा, जुन्या पदाधिकाऱ्यांचे फोन आणि नंबर काढावेत, नवे बॅकअप कोड काढावेत आणि हे झाल्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी. यात कुणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न येत नाही. जाणाऱ्या पदाधिकाऱ्याचीही जबाबदारी त्यामुळे संपते. आणखी एक लक्षात ठेवा. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक प्रकारची खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून हटवू लागले आहे. जुन्या समितीचे खाते पडून असेल तर ते अधूनमधून उघडत राहा.

हे कुलूप काय थांबवत नाही?

दोन टप्प्यांची पडताळणी लावली म्हणून सगळेच धोके टळत नाहीत. बनावट पानावर आपणच पासवर्ड आणि कोड दोन्ही टाकले तर समोरचा माणूस ते त्याच मिनिटाला खऱ्या पानावर टाकून आत जातो. शिष्यवृत्ती मंजूर झाली, निकाल बघा, खाते बंद होणार आहे, अशा ईमेलमधल्या लिंकवरून लॉगिन करू नका. पत्ता स्वतः टाइप करा. कोड कुणालाही सांगू नका, मग तो बँकेचा माणूस म्हणवणारा असो की चळवळीतला ओळखीचा.

आपण लॉगिन करत नसताना ‘होय’ विचारणारी सूचना आली तर ‘नाही’ दाबा आणि लगेच पासवर्ड बदला, कारण तो कुणाला तरी कळलेला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत घुसखोरी झाली ती अशीच. हल्लेखोराने एका कंत्राटी कर्मचाऱ्याला मंजुरीच्या सूचना पुन्हा पुन्हा पाठवल्या आणि शेवटी त्याने एक मंजूर केली.

फोनमध्ये किंवा संगणकातच घातक सॉफ्टवेअर शिरले तर हे कुलूप उपयोगाचे नाही. वर उल्लेख केलेल्या प्रकरणात अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल फॉरेन्सिक कंपनीने २०२१ च्या अहवालात म्हटले होते की, एका आरोपीच्या संगणकात ईमेलने आलेल्या फाइलीवाटे असे सॉफ्टवेअर शिरले होते. पाठवणारा ओळखीचा असला तरी अनपेक्षित आलेली फाइल उघडण्याआधी त्याला फोन करून विचारा. फोनचे अपडेट टाळू नका आणि स्क्रीनला लॉक ठेवा.

मित्रांनो, आपल्या पिढीची पदवीपासून आंदोलनाच्या निवेदनापर्यंतची सगळी कागदपत्रे आता या एका खात्यात जमा होत आहेत. येत्या रविवारी मंडळाची बैठक असेल तेव्हा शेवटची अर्धा तास ही वेळ या कामाला द्या. ज्याला येते त्याने शेजारच्या दोघांना शिकवावे आणि घरी जाऊन आईवडिलांच्या फोनवरही करून द्यावे. प्रत्येकाने रिकव्हरी नंबर तपासावा, दुसरा टप्पा लावावा आणि दहा कोड कागदावर उतरवावेत. कागद फाइलमध्ये जाईपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नका.